रात्रपाळीत कादंबरी लिहायलोय, नोकरी सोडू का? (प्रॅचेटनं नेमकी कव्हा सोडली?)

तारेवरचा कावळा (परभणी जिल्हा)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहायलोय इथं, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी 33/11 केव्हीच्या एका वीज उपकेंद्रावर ऑपरेटर आहे, गंगाखेडच्या अलीकडं. कंत्राटी. वय 31. आठवड्याआड रात्रपाळी येते. रात्रीचं काम तासातासाला असतं. घड्याळात ठोका पडला की उठायचं, मीटरचे आकडे लॉगशीटवर उतरवायचे, ट्रान्सफॉर्मरचं तापमान बघायचं, परत येऊन बसायचं. मधीच एखादा शेतीचा फीडर (रानाकडं जाणारी लाइन) ट्रिप झाला की फोन सुरू. ‘साहेब, लाइट कव्हा येणार?’ मी साहेब नाही, पण रात्री दोनला पाणी द्यायला रानात बॅटरी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला हे कोण समजावून सांगणार. तर दोन रीडिंगच्या मधल्या ह्या वेळात मी तीन वर्षांपासून कादंबरी लिहायलोय. जुन्या लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूवर.

कादंबरी अद्भुत आहे. म्हणजे त्या जातीची आहे, चांगली आहे असं म्हणणं नाही. धरणात गेलेलं एक गाव आहे, आणि पाण्याखाली त्या गावचा आठवडी बाजार अजून भरतो. मंगळवारी. होडीतून दोरीला टोपलं बांधून खाली सोडायचं, वर ओढलं की त्यात मेथीची जुडी आलेली असती. फकस्त वर ओढताना किंमत विचारायची नाही. माझ्या आजीचं गाव असंच पाण्यात गेलेलं, तिथून सुचलं.

दोन वर्षांखाली वडलांना दाखवायला हैदराबादला गेलतो. रविवारी डॉक्टर बसत नव्हते, म्हणून आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं बघत हिंडलो. तिथं टेरी प्रॅचेट ह्या इंग्रज लेखकाचं ‘मॉर्ट’ 50 रुपयाला मिळालं. माझं इंग्रजी डिप्लोमापुरतं. डिक्शनरी घेऊन चार महिने लागले. एक धांदरट पोरगं मृत्यूकडं उमेदवारीला लागतं, अशी गोष्ट आहे. मृत्यू त्याला पहिलं काम काय देतो? घोड्याच्या तबेल्यातली लीद काढायचं. मी हासून हासून बेजार झालो. आमच्याकडं नव्या पोराला पहिलं काम चहा आणायचं असतं.

मग त्या लेखकाची माहिती वाचली, तर हा माणूस वीजवाला निघाला! इंग्लंडच्या सरकारी वीज मंडळात नोकरी, रात्री घरी बसून लिखाण. पुढं नोकरी सोडली आणि राणीनं त्याला ‘सर’ केलं.

माझी पहिली 80 पानं मी एका प्रकाशकाला पाठवली होती. तीन महिन्यांनी फोन आला. दोन गोष्टी सांगितल्या. एक, 60,000 रुपये भरावे लागतील. दोन, ‘बोलीभाषा कमी करा, वाचकाला जड जाते’. दुसरी जास्त लागली. मी दोन प्रकरणं पुण्याच्या भाषेत करूनही बघितली. पाण्याखालच्या बाजारातली म्हातारी ‘ताजी मेथी घ्या ना’ असं म्हणायला लागल्यावर मलाच ती ओळखू येईना.

बायको म्हणती, सोडायची तर सोडा, पण आधी लेकराची फीस भरा.

तर सांगा, प्रॅचेटनं नोकरी कव्हा सोडली? पुस्तक आल्या आल्या, का पैसा दिसल्यावर? आणि भाषेचं काय करू?

हिशेबनीस

1983 ला ‘द कलर ऑफ मॅजिक’ आलं आणि सोडली. तुम्हीही सोडा, जिनगी एकदाच मिळते.

(मी स्वतः बँकेत आहे. अजून सोडलेली नाही.)

गोदाकाठची (पैठण)

हिशेबनीस, तुमचं साल पुस्तकाचं आहे, राजीनाम्याचं नाही. ह्या चुकीवर एखाद्यानं खरंच राजीनामा लिहिला तर पाप लागेल, म्हणून सविस्तर लिहिते.

मी एका सार्वजनिक वाचनालयात 29 वर्षं ग्रंथपाल होते. ‘ड’ वर्गातलं वाचनालय ‘ब’ वर्गात आणेपर्यंत माझे केस पिकले. प्रॅचेटचं वेड मला भाचीनं लावलं. ती सुट्टीत आली की एक पुस्तक विसरून जायची, मुद्दाम.

जन्म 1948, बकिंगहॅमशायरमधलं बीकन्सफील्ड. खरं शिक्षण गावच्या वाचनालयात झालं असं तो सांगायचा. हे वाक्य मी आमच्या संचालक मंडळाला तीनदा ऐकवलं, कपाटं काही आली नाहीत. तेराव्या वर्षी शाळेच्या मासिकात एक गोष्ट लिहिली, तीच 1963 मध्ये एका बाजारातल्या मासिकानं घेतली. 14 पौंड मिळाले. त्यातून जुना टाइपरायटर घेतला. सतराव्या वर्षी, 1965 ला, शाळा सोडून ‘बक्स फ्री प्रेस’ ह्या गावाकडच्या साप्ताहिकात उमेदवारीला लागला. पहिल्या दिवशी तीन तासांच्या आत पहिलं प्रेत बघितलं असं म्हणायचा. तू मॉर्टची लीद वाचून हसलास ना, ती उमेदवारी ह्यानं स्वतः केलेली आहे. त्याच पेपरात मुलांच्या सदरात ‘अंकल जिम’ नावानं ऐंशीच्या वर गोष्टी लिहिल्या.

1968 मध्ये एका लहानशा प्रकाशन संस्थेच्या माणसाची मुलाखत घ्यायला गेला, आणि बोलता बोलता म्हणाला, मी पण एक पुस्तक लिहिलंय बरं का. ते ‘द कार्पेट पीपल’. गालिच्याच्या धाग्यांत राहणाऱ्या इवल्या माणसांची गोष्ट. छापून आलं 1971 ला. म्हणजे ‘द कलर ऑफ मॅजिक’ हे त्याचं पहिलं पुस्तक नव्हेच. मधे 1976 आणि 1981 ला दोन विज्ञानकादंबऱ्या आल्या.

आता तुझं वीज मंडळ. 1980 ला तो सेंट्रल इलेक्ट्रिसिटी जनरेटिंग बोर्डात लागला. पण लेकरा, तो ऑपरेटर नव्हता, प्रसिद्धी अधिकारी होता. आणि त्याच्या वाट्याला अणुवीज केंद्रं. अमेरिकेतला थ्री माइल आयलंडचा अपघात 1979 चा, आणि वर्षभरात हा लोकांना ‘काळजीचं कारण नाही’ सांगायच्या खुर्चीवर. फोन तुला येतात तसे त्यालाही येत असतील. तुला विचारतात लाइट कधी येणार, त्याला विचारत असतील, लाइट राहू द्या, आम्ही राहतो का ते सांगा.

‘द कलर ऑफ मॅजिक’ 1983. ते चकतीसारखं सपाट जग, चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती कासवाच्या पाठीवर. आपल्याला ह्यात नवल वाटायचं कारण नाही, कूर्म आणि दिग्गज आपल्या घरचेच. त्यानं केलं काय, तर त्या कासवावरच्या जगात पोस्ट, पोलीस, बँक, छापखाना असं सगळं आणलं, अगदी तालुक्याच्या ठिकाणी असतं तसं. ह्या मालिकेची 41 पुस्तकं झाली. बीबीसी रेडिओवर पहिल्याचं वाचन झालं, त्यानं वाचक वाढले. राजीनामा दिला 1987 ला, ह्या मालिकेतलं चौथं पुस्तक हातावेगळं झाल्यावर. ते चौथं कोणतं, सांग? ‘मॉर्ट’. तू आबिड्सवरून 50 रुपयाला आणलंस तेच.

पहिलं पुस्तक 1971, राजीनामा 1987. सोळा वर्षं. आणि ह्या नोकरीच्या काळात रोज रात्री 400 शब्द. एकदा म्हणे कादंबरी 300 शब्दांवरच संपली, तर नवा कागद लावून पुढच्या कादंबरीचे 100 शब्द लिहिले आणि मग उठला. भाची म्हणाली, वेडा आहे. मी म्हटलं, नाही गं, पेपरात घडलेला माणूस आहे, अर्धा खाडा त्याला सहन होत नाही.

भाषेबद्दल सांगायचं तर मला प्रॅचेट बाजूला ठेवून आमच्या पैठणचा माणूस आणावा लागेल. गुणाढ्य. कथासरित्सागराच्या सुरुवातीलाच त्याची गोष्ट आहे.

राजा सातवाहन, राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. राजा-राण्या पाण्यात खेळायल्या. एक राणी दमली आणि म्हणाली, ‘मोदकैः’, म्हणजे ‘मा उदकैः’, पाणी उडवू नका. राजाला संधी सुटला नाही, त्यानं लाडू मागवले. राणी हसली, दासी हसल्या. राजा अंथरूण धरून बसला, मला संस्कृत शिकवा. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. (आजच्या शिकवणीवाल्यांचा मूळपुरुष.) गुणाढ्यानं चिडून पैज लावली की हे झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडतो. शर्ववर्म्यानं करून दाखवलं. गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या रानात गेला. तिथं पिशाचांची बोली, म्हणजे पैशाची भाषा, कानावर पडली, ती शिकला, आणि तिच्यात सात वर्षं बसून सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. रानात शाई कुठली, रक्तानं लिहिली. राजाकडं पाठवली. राजा म्हणाला, भाषा पैशाची, अक्षरं रक्ताची, घेऊन जा परत.

‘बोलीभाषा कमी करा’ म्हणणारा आद्य प्रकाशक तोच समज. निदान त्यानं 60,000 मागितले नाहीत.

गुणाढ्यानं टेकडीवर जाळ केला. एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं. हरणं, रानडुकरं चरायचं सोडून ऐकत उभी राहिली, डोळ्यांतून पाणी. इकडं राजाला ताटातलं मांस कोरडं लागायला लागलं. आचाऱ्यांनी शिकाऱ्यांवर ढकललं, शिकाऱ्यांनी सांगितलं, जनावरंच वाळून गेलीत, कुणीतरी त्यांना कथा सांगतंय. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख उरले.

तेही मूळ रूपात आज नाहीत. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवानं राणी सूर्यमतीसाठी संस्कृतात केलेलं कथासरित्सागर आहे, त्यावरून आपण ओळखायचं. गोष्टी राहिल्या, पण त्या बोलीचा सूर कसा होता ते आता कुणाला कळणार नाही. मला ह्याचं फार वाईट वाटतं. जायकवाडीत आमचीही शेती गेली, 1976 ला. त्या गावचं बोलणं आता दोन-चार म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, आणि त्यातली एक मी. तुझ्या बाजारातल्या म्हातारीला पुण्याला पाठवू नको.

आणि प्रॅचेटनंसुद्धा उतारवयात काय केलं बघ. तो विल्टशायरच्या चुनखडीच्या माळावर राहायचा. 2003 पासून त्यानं टिफनी नावाच्या मेंढपाळाच्या घरातल्या पोरीची पुस्तकं लिहिली. त्यात तोच माळ आहे, मेंढरं आहेत, आजी आहे, आणि निळ्या कातडीची वीतभर माणसं आहेत, जी स्कॉटलंडच्या रांगड्या बोलीत शिव्या देतात. इंग्रज वाचकाला ती बोली जड गेली असेल तर गेली. पोरं ती पाठ म्हणतात.

मुदतवाढ (बीड)

बाई, तुमचं लिखाण बैजवार आहे, पण एका ठिकाणी माझं जमत नाही. 1987 ला त्याला सोडता आली, कारण इंग्रजी वाचक जगभर पसरलेला. मराठीत कादंबरीची आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची. इथं सोळा वर्षं काय, बत्तीस थांबलं तरी त्यावर घर चालत नाही. कावळ्या, नोकरी सोडायचा प्रश्नच नाही. कंत्राटी असलास तर परमनंट व्हायचं बघ.

मी अकरा वर्षं तालुका वार्ताहर होतो. मानधन जाहिरातीच्या कमिशनवर. अपघात, बाजारभाव, सप्ताहाची सांगता, सगळं एका बसणीत लिहायचं, साडेसहाच्या आत. त्या कामानं मला एक शिकवलं ते सांगतो. लिहायची लहर वगैरे काही नसते, पान सुटायची वेळ असते. प्रॅचेटचे ते 400 शब्द मला म्हणूनच पटतात.

60,000 देऊ नको. ज्याला पुस्तक काढायचंय त्यानं पैसे घालायचे असतात. नसता तो प्रकाशक नव्हे, छपाईवाला, आणि छपाईच करायची तर ती बीडातही होती.

आता महत्त्वाचं. पाठकोऱ्या लॉगशीट म्हणालास. दर पानाचा फोटो काढून ठेव, आजच. आणि मोबाइलमध्ये बोलून लिहायची सवय लाव. प्रॅचेटला 2007 मध्ये अल्झायमरचं निदान झालं, जरा वेगळ्या तऱ्हेचं. मेंदूचा मागचा भाग आधी जातो. बोलणं शाबूत होतं, पण टाइप करता येईना. दिवसाला शेकड्यानं अक्षरं बडवणारा माणूस. मग त्यानं मदतनीसाला सांगून, नंतर कॉम्प्युटरला बोलून पुस्तकं केली. त्यानं ते लपवलं नाही. जगजाहीर सांगितलं आणि संशोधनाला मोठी रक्कम दिली. 2009 ला ‘सर’ झाला, तव्हा स्वतःसाठी तलवार घडवली, शेतातून लोहदगड वेचून, भट्टी लावून, त्यात उल्केचं लोखंड घालून. 12 मार्च 2015 ला गेला, वय 66. टिफनीचं शेवटचं पुस्तक मागून आलं.

मोबाइलला आपली बोली कळत नाही एवढंच. मी ‘लिहायलोय’ म्हटलं की तो ‘लिही आलो आहे’ लिहितो.

नुसता वाचक

एक भर. मराठीत अद्भुताला वाचक नाही असं परत परत ऐकू येतं. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची. नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली अधू झाले, आणि त्यानंतर कादंबरीकार झाले. त्यांचं ‘वीरधवल’ आमच्या घरात तीन पिढ्यांनी वाचलं, जिल्द तीनदा बदलली. वाचक होता. आपण मधेच त्याला सामाजिक आशय विचारायला लागलो.

गोदाकाठची (पैठण)

मुदतवाढ, पैशाचं तुमचं खरं आहे, माघार घेते. सोळा वर्षं म्हटलं ते सोडण्यासाठी नव्हतं, टिकण्यासाठी होतं, पण लिहिताना तसं उतरलं नाही.

तुम्ही त्या हार्ड डिस्कचं लिहायचं विसरलात. त्यानं सांगून ठेवलं होतं, माझं अर्धवट राहिलेलं लिखाण माझ्यामागं नष्ट करा. 25 ऑगस्ट 2017 ला इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत त्याच्या त्या मदतनीसानं ती डिस्क जुन्या वाफेच्या रोलरखाली घातली. नुसत्या रोलरनं पुरतं काम होईना, म्हणून शेवटी खडी फोडायच्या यंत्रात टाकली. दहाएक अपुऱ्या कादंबऱ्या असाव्यात असं म्हणतात.

मी ही बातमी वाचली तव्हा मला गुणाढ्यच आठवला. पण फरक आहे. गुणाढ्यानं पुरं झालेलं जाळलं, कुणी वाचलं नाही म्हणून. ह्यानं पुरं झालेलं सगळं वाटून टाकलं आणि अपुरं तेवढं नेलं. ग्रंथपाल म्हणून मला तो रोलर अजून बघवत नाही. भाची म्हणते त्याचा हक्क होता. आमचं ह्यावर भांडण झालेलं आहे, आणि मिटलेलं नाही.

तारेवरचा कावळा (परभणी जिल्हा)

सगळ्यांना नमस्कार. दिवसा झोपलो होतो, आता ड्युटीवर येऊन वाचलं.

बाई, मोदकाची गोष्ट आम्हाला शाळेत कुणी सांगितलीच नाही. पैठण एवढं जवळ असून आम्ही नाथषष्ठीला जाऊन पोळ्या खाऊन परत येतो. आजीला फोन करून सांगितली. ती म्हणाली, ‘त्या गुणाढ्याला माय नव्हती का जाळताना हात धरायला.’ हे मी कादंबरीत घालणार आहे.

मुदतवाढ भाऊ, 340 पानांचे फोटो काढले. त्यात एक घोटाळा सापडला. 112 नंबरचं पान पाठकोरं नव्हतंच. त्याच्या मागं 2019 चं रीडिंग आहे, ते तर रेकॉर्डला पाहिजे. आता ते परत फाइलला लावावं लागणार आणि माझं प्रकरण पंधरा तिथंच फाइलबंद होणार. उतरवून घेतलं.

प्रकाशकाला नाही म्हणून कळवलं. नोकरी राहू दिली. बायकोला प्रॅचेटची सोळा वर्षं सांगितली, ती म्हणाली मग लेकरू तव्हा बारावी होऊन गेलेलं असंल, खुशाल सोडा.

म्हातारीला पाण्याखाली परत आणली. आता ती म्हणती, ‘घे की रं बाबा मेथी, कव्हाची भिजायली.’ पाण्याखाली मेथी भिजायलीय म्हणती. हे पुण्याच्या भाषेत मला सुचलंच नसतं.

आज 400 मधले 260 झाले. ही पोस्ट धरली तर भरतील का? तिकडं फीडर ट्रिप झालाय, फोन वाजायलाय. आलोच.

गोदाकाठची (पैठण)

पोस्ट धरायची नाही. लाइट लावून ये आणि उरलेले 140 लिही.